शांघायला नोकरीसाठी निघताना: कागद आधी, मसाले नंतर

शांघायची नोकरी पक्की झाली की घरात पहिली चर्चा निघते ती स्वेटर आणि गोड्या मसाल्याची. ती थोडी पुढे ढकला. पैसे मोजले तर त्या शहरात जवळजवळ सगळं मिळतं. माणूस अडतो तो कागदांवर, फोन नंबरवर आणि पासपोर्टवरच्या नावावर, आणि या तिन्हींचा गुंता सोडवायची खरी जागा भारतात, घरी आहे.

सुरुवात पासपोर्टपासून. तो वर्ष-दोन वर्षांत संपणार असेल तर निघण्याआधीच नवा करून घ्या. तिथल्या भारतीय वकिलातीतही तो मिळतो, पण तोवर तुमचं सिमकार्ड, बँक खातं, वीचॅट (तिथलं गप्पांचं आणि पैसे देण्याचं ॲप), अलीपे (पैसे देण्याचं दुसरं ॲप), रेल्वेच्या तिकिटांचं खातं सगळं जुन्या पासपोर्टच्या क्रमांकाला बांधलेलं असतं. क्रमांक बदलला की प्रत्येक दारात जाऊन पुन्हा तोच संवाद, तोही चिनी भाषेत.

मग नाव. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव ही आपली पद्धत तिकडच्या रकान्यांत बसत नाही. बँकेतला माणूस हे तीन शब्द कोणत्या क्रमाने आणि मध्ये जागा सोडून की न सोडता टाइप करतो, त्यावर तुमचं वीचॅट पे चालणार की नाही हे ठरतं, कारण ॲप नावाचं अक्षर न् अक्षर ताडून पाहतं. म्हणून ऑफर लेटरपासूनच पासपोर्टवर आहे तसंच नाव, त्याच क्रमाने, असा हट्ट धरा. खातं उघडलं की बँकेने छापलेल्या नावाचा फोटो काढून ठेवा आणि पुढे सगळीकडे तेच टाका. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर या कामाला सगळ्यात आधी लागावं. पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या, आणि आपल्याकडे काही घरांत पहिलं नावसुद्धा बदललेलं! विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचं राजपत्र पदवीसोबतच साक्षांकनाला लावा.

साक्षांकनाला वेळ लागतो. चीन नोव्हेंबर २०२३ पासून अपोस्टिल करारात, म्हणजे एकाच शिक्क्यावर परदेशी कागद मान्य करायच्या करारात, आहे हे खरं, पण भारत आणि चीन यांच्यात तो लागू नाही. त्यामुळे पदवी आणि पोलिसांचा दाखला यांची वाट जुनीच: आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग चिनी वकिलातीचा. पोलिसांचा दाखला फार आधी काढून ठेवू नका, तो सहसा सहा महिन्यांच्या आतला मागतात. नेहमीच्या 'ब' वर्गातल्या कामाच्या परवान्यासाठी पदवी आणि किमान दोन वर्षांचा संबंधित अनुभव लागतो. तेव्हा जुन्या कंपन्यांची पत्रं तारखा, हुद्दा आणि सही-शिक्क्यानिशी हवीत. जुन्या साहेबांचा प्रेमळ ई-मेल तिथे कामाचा नाही. हे कागद गेल्यावर नवी कंपनी परवानगीचं पत्र काढते आणि त्यावर झेड व्हिसा, म्हणजे नोकरीचा व्हिसा, मिळतो. 'सध्या बिझनेस व्हिसावर या, इकडे बदलू' असं कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. त्या व्हिसावर काम करणं बेकायदा आहे आणि दंड तुम्हालाही होतो.

आता फोन, कारण इथे भिंती दोन आहेत. चीनच्या बाजूने गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम बंद. आपल्या बाजूने जून २०२० मध्ये बंदी घातलेल्या ५९ ॲपांत वीचॅट आहे, बायडूचा नकाशाही आहे. मग रविवारी आईशी व्हिडिओ कॉल करायचा कशावर? दोन्हीकडे आयफोन असेल तर फेसटाइम. नसेल तर मायक्रोसॉफ्ट टीम्स आई-बाबांच्या फोनवर टाकून द्या, आणि निघायच्या आधी दुसऱ्या खोलीत बसून त्यांच्याकडून दोन-चारदा कॉल लावून घ्या. ऐनवेळी फोनवरून शिकवणं कठीण, कारण ज्या फोनवरून शिकवायचं तोच लागत नसतो. भारतीय सिम रोमिंगवर असेल तर त्याचा डेटा भारतातून फिरून येतो आणि व्हॉट्सॲप चालतं. रोजच्या गप्पांना ते महाग, पण अडीनडीला उत्तम. व्हीपीएनवर, म्हणजे इंटरनेटची बंदी चुकवणाऱ्या ॲपवर, बरेच परदेशी लोक दिवस काढतात. सरकारची परवानगी नसलेलं व्हीपीएन तिथे नियमात बसत नाही आणि नेमकं मोठ्या सरकारी बैठकांच्या दिवसांत ते मान टाकतं, म्हणून सगळी मदार त्यावर ठेवू नका. जीमेलवर येणारी बँक, विमा, आयकराची पत्रं दुसऱ्या पत्त्यावर वळवा. गूगल ड्राइव्हवरचे कागद उतरवून फोनमध्ये आणि पेन ड्राइव्हवर ठेवा.

भारतीय सिम काही झालं तरी जिवंत हवं. बँकेचा ओटीपी त्यावरच येणार, तेव्हा आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच चालू करून घ्या आणि रिचार्जची जबाबदारी घरातल्या एकावर टाका. बँकेत समक्ष जाऊन बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं, इथल्या उत्पन्नासाठीचं) करा, सोबत एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं) उघडा. सीएकडे जाल तेव्हा निघायची तारीखच विचारा. नोकरीसाठी बाहेर पडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर अनिवासी ठरतो. म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याआधी निघणं आणि दिवाळीनंतर निघणं यांत कराचा बराच फरक पडू शकतो.

अलीपे आणि वीचॅटला २०२३ पासून परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला वेगळं शुल्क नाही, त्यावर गेलात की तीन टक्के. पहिला पगार आणि चिनी बँक कार्ड हाती येईपर्यंत भागवायला हे पुरे. वीचॅटची नोंदणी मात्र तिकडे पोचून, चिनी नंबर मिळाल्यावर आणि एखाद्या सहकाऱ्याला शेजारी बसवून करा. जुन्या वापरकर्त्याने हमी द्यावी असं ते ॲप बरेचदा मागतं. थोडे रोख युआन खिशात असू द्या.

कराराचा कागद चिनी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत येतो आणि वाद झाला तर बहुधा चिनी मजकूर धरला जातो, त्यामुळे तो जाणकाराकडून वाचून घ्या. पगार कर कापण्याआधीचा की नंतरचा हे लिहून घ्या, कारण तिथल्या कराचे टप्पे ३ टक्क्यांपासून ४५ टक्क्यांपर्यंत चढतात. कायद्याने वार्षिक रजा एकूण नोकरी दहा वर्षांच्या आत असेल तर फक्त पाच दिवस आहे. गणपतीला घरी यायचं असेल तर घासाघीस सही करण्याआधी करायची.

घर भारतातून ठरवू नका. फोटो सुंदरच असतात. पहिले दोन आठवडे हॉटेलात काढा आणि खात्यात चार महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम तयार ठेवा, कारण रूढ पद्धत एक महिना अनामत आणि तीन महिने आगाऊ अशी आहे, शिवाय दलाली. मालकाला दोन प्रश्न आधी विचारा: भाड्याचा 'फापियाओ', म्हणजे अधिकृत कर-पावती देणार का, आणि परदेशी भाडेकरूची पोलिसांत नोंद होऊ देणार का. दोन्हींपैकी एकावर जरी चाचपडला तरी पुढचं घर बघा. मेट्रोची दोन नंबरची लाइन पुडोंग विमानतळापासून लुज्याझुई, जिंगआन या मध्यवर्ती भागांवरून होंगच्याओपर्यंत जाते. तिच्या आसपास राहिलात तर पहिलं वर्ष सोपं जातं. प्रत्येक खोलीत गरम हवा देणारा एसी आहे का ते पाहा. इमारती सरकारी पातळीवर गरम ठेवायची सोय ह्वाय नदीच्या उत्तरेला आहे, शांघाय दक्षिणेला. जानेवारीतली ओलसर थंडी घराच्या आत जास्त लागते. थर्मल तिथेच घ्या, स्वस्त आणि चांगले मिळतात. कचऱ्याचे चार प्रकार जुलै २०१९ पासून सक्तीचे आहेत आणि अनेक सोसायट्यांत तो ठरावीक वेळेतच टाकता येतो.

आता मसाल्यांकडे या. वीज जवळजवळ आपल्यासारखीच, २२० व्होल्ट, फक्त सॉकेटमध्ये चपट्या पिना बसतात. म्हणून मिक्सर खुशाल न्या आणि पिन बदला. कुकर, पोळपाट-लाटणं, तवा न्या. तिथलं गव्हाचं पीठ पांढरं आणि मैद्याच्या वळणाचं असतं, पोळीची कणीक भारतीय दुकानातून मागवावी लागते. भाकरीवाल्यांची मात्र चैन आहे: उत्तर चीनमध्ये ज्वारी पिकते, तिचं पीठ 'गाओल्यांग' नावाने ताओबाओ या ऑनलाइन दुकानात मिळतं. मूग आणि कोथिंबीर कोपऱ्यावरच्या मंडईत मिळतात. न्यायचं ते गोडा मसाला, आमसुलं, हिंग, मेतकूट आणि थोडी तूरडाळ. ताजी फळं, बियाणं, मांस, दुधाचे पदार्थ नेऊ नका, कस्टममध्ये जातील. शाकाहाऱ्यांनी फोनमध्ये चिनीत एक चिठ्ठी ठेवावी: मांस, मासे, अंडं, डुकराची चरबी, ऑयस्टर सॉस नको. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर भाजीत कोळंबी येऊ शकते. बौद्ध शाकाहारी खाणावळींत कांदा-लसूणही सहसा नसतो, जैन मित्रांनी पत्ते लिहून ठेवावेत. नानजिंग पश्चिम रस्त्यावरचं १९२२ साली सुरू झालेलं 'गोंगदलिन' त्यांतलं जुनं.

रोजची औषधं, त्यांचं मूळ (जेनेरिक) नाव लिहिलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. फोनमध्ये नंबर घाला: पोलीस ११०, रुग्णवाहिका १२०, आग ११९, आणि व्हिसा-परवान्याच्या प्रश्नांना १२३६७, तिथे इंग्रजी बोलणारे असतात.

ऑफिसबद्दल फार तयारी लागत नाही. दुपारी दिवे मालवून लोक टेबलावर डोकं टेकून झोपतात, तेव्हा फोनवर बोलू नका. एक गोष्ट कॅलेंडरात आत्ताच घाला: वसंतोत्सव (चिनी नववर्ष) आणि १ ऑक्टोबर (राष्ट्रीय दिन) यांच्या लांब सुट्ट्यांच्या बदल्यात आगे-मागे काही शनिवार-रविवार भरून द्यावे लागतात. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, पण त्या दोन आठवड्यांच्या आसपासचं तिकीट फार आधी काढा.

हातातल्या पिशवीत सगळे मूळ कागद, पांढऱ्या पार्श्वभूमीचे डझनभर फोटो आणि हॉटेलचा चिनी अक्षरांत छापलेला पत्ता. उतरल्यापासून २४ तासांत राहत्या जागेची पोलिसांत नोंद व्हायला हवी. हॉटेल ती करतं, मित्राच्या घरी उतरलात तर तुम्हाला करायची. मग सिमकार्ड, वैद्यकीय तपासणी, कामाचा परवाना, आणि ३० दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज. त्या वेळी पासपोर्ट काही दिवस कार्यालयात ठेवून घेतात, म्हणून बँकेचं खातं त्याआधी उघडून घ्या आणि त्या आठवड्यात परदेश दौऱ्याला हो म्हणू नका.