घरातली मुलगी किंवा बाई बेपत्ता झाली तर लगेच काय करायचं

गोव्यातला महानंद नाईक आठवतोय का, फोंडा तालुक्यातल्या शिरोड्याचा? २००९ ला पकडला तेव्हा त्याच्यावर १९९४ पासून १६ जणींना मारल्याचे आरोप झाले. गरीब घरातली, लग्न रखडलेली मुलगी हेरायची, लग्नाचं वचन द्यायचं, घरच्यांना भेटवतो म्हणून अंगावर सोनं घालून बोलवायचं, आणि तिच्याच ओढणीने गळा आवळायचा. सोनं नंतर सोनाराकडे.

इतकी वर्षं हे खपलं कारण बऱ्याच घरांत वाटलं की पोरगी पळून गेली असेल, कुठेतरी संसार करत असेल. लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसू नका, मी हे हात जोडून सांगतोय.

सगळ्यात आधी पोलिस ठाण्यात मिसिंग, म्हणजे बेपत्ता झाल्याची तक्रार दाखल करा, त्याच दिवशी. २४ तास थांबावं लागतं असा कुठलाही कायदा नाही, कुणी थांबा म्हणालं तरी तिथून हलू नका. १८ च्या आतली असेल तर सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या आदेशाप्रमाणे थेट एफआयआर घ्यावाच लागतो. घेत नसतील तर एसपींना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलिस अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

जाताना अलीकडचा फोटो घ्या, कपडे काय होते ते सांगा, आणि दागिन्यांचं वर्णन तर अगदी बारीक द्या. नुसतं "गळ्यात चेन होती" नाही चालत, किती ग्रॅमची, पेंडंट कसलं, कानातले कुड्या की झुमके, एखादी कडी वाकलेली होती का, सोनाराची पावती असेल तर तिची झेरॉक्स, लग्नातला एखादा फोटो ज्यात दागिना नीट दिसतो. विकलेलं सोनं ओळखायला हेच कामी येतं. मोबाईलचा बॉक्स शोधा, त्यावर आयएमईआय नंबर असतो (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक), तोही द्या.

आणि ती कुणाशी बोलायची, कुणी स्थळ दाखवलं होतं का, पैसे किंवा दागिने घेऊन गेली का, हे लपवू नका, कितीही लाज वाटली तरी. महानंदपर्यंत पोलिस पोचले ते शेवटच्या मुलीच्या फोन कॉल्सच्या धाग्यावरून. संशय असलेल्या माणसाला तुम्ही स्वतः फोन करून जाब विचारू नका, तो सावध होतो आणि पुरावे जातात. महानंदच्या काही केसेसमध्ये जन्मठेप झाली पण बऱ्याच केसेसमध्ये पुराव्याअभावी तो सुटला, इतक्या वर्षांनी पुरावा राहणार तरी कुठून.

मिसिंगची कॉपी आणि नंबर मागून घ्या. तपास थंड पडतोय वाटलं तर अनोळखी मृतदेहांच्या नोंदी आपल्याच नाही तर शेजारच्या जिल्ह्यांतल्याही तपासा असं लेखी द्या, आणि आईवडिलांचा डीएनए नमुना घ्यायला सांगा.