लकवा, फिट, डोकेदुखी : या चुका टाळा

‘अंगावरून वारं गेलंय’, म्हणजे लकवा झालाय, म्हणत जत-आटपाडीकडून जीप भरून माणसं मिरजेच्या दवाखान्यांत येतात. तिथे बीपीच्याही आधी विचारायची गोष्ट म्हणजे वेळ. पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला? नेमकं इथेच चुकतं.

“रातच्याला नवाला झोपले. साडेपाचला उठवायला गेलो तर तोंड वाकडं, उजवा हात गळालेला.”

नऊ धरले तर साडेआठ तास उलटून गेले. तेवढ्यात मागे उभी असलेली बायको म्हणते, “लाईट तीनला आली की. मोटर चालू करून आले, माझ्याशी बोलले, मग परत पडले.”

म्हणजे तीन वाजता माणूस चालत होता, बोलत होता. या एका वाक्याने उपचार बदलतो, कारण मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. साडेसात वाजायच्या आत पोचलात तर ते मिळू शकतं. निवडक पेशंटमध्ये तार घालून मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी 24 तासांपर्यंत काढता येते, पण त्या भरवशावर राहू नका. पेशंटसोबत जो घरात होता त्याला गाडीत घ्या. पाहुणे मागून आले तरी चालतात.

सगळ्यात महागात पडतं ते ‘आधी गावातच सलाईन लावून बघू’. लकव्यात दहापैकी साधारण आठ जणांना गुठळी असते आणि उरलेल्यांना मेंदूत रक्तस्राव. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून सीटी स्कॅनआधी ॲस्पिरिन देऊ नये, आणि बीपी वाढलंय म्हणून जिभेखाली गोळीही ठेवू नये. एकदम बीपी पाडलं तर उपाशी मेंदूचं उरलंसुरलं रक्तही तुटतं. चमच्याने चहा पाजणं तर नकोच, गिळता येत नसेल तर तो फुप्फुसात उतरतो. साखर मात्र लगेच तपासा. मधुमेह्याची साखर खाली गेली की हुबेहूब लकव्यासारखं दिसू शकतं. निघतानाच 108 ला फोन करा आणि जिथे निघालात तिथे या वेळी सीटी चालू आहे का, ते विचारा.

लकव्याच्या अंगाला पारव्याचं रक्त चोळतात, त्याबद्दल एवढंच : पारवा जिवानिशी जातो आणि वेळही.

दोन चुका दवाखान्यातल्याही आहेत. ‘सीटी नॉर्मल, घरी जा’ ही पहिली. रक्तस्राव सीटीत लगेच दिसतो, पण गुठळीचे बदल दिसायला कित्येक तास लागू शकतात. दुसरी म्हणजे अर्ध्या तासात हात आपोआप सुधारला की सगळ्यांनीच सुटकेचा श्वास टाकणं. मोठा झटका यायचा धोका पुढच्या दोन दिवसांतच सगळ्यात जास्त असतो. त्याच दिवशी दाखवा.

तोंड वाकडं झालं की प्रत्येक वेळी लकवाच असतो असंही नाही. भुवया वर करायला सांगा. त्या बाजूच्या कपाळावर आठ्या पडत नसतील, डोळा मिटत नसेल आणि हातपाय, बोलणं ठणठणीत असेल, तर बहुधा चेहऱ्याची नस सुजलेली असते. स्टेरॉईडच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर चांगला फायदा होतो. उघडा राहणारा डोळा कोरडा पडू देऊ नका. हा फरक डॉक्टरांनीच पक्का करावा, घरच्यांनी आरशासमोर नव्हे.

फिट आली की कांदा, चप्पल, किल्ल्या, तोंडात चमचा! दात तुटतात, बोटं चावली जातात, आणि फिट मात्र तिच्या वेळेलाच थांबते. बहुतेक दोन-तीन मिनिटांतच. मग श्रेय कांद्याला जातं. आसपासचं दगड-लोखंड बाजूला करा, माणसाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली तर थेट दवाखाना. कोणी मोकळं असेल तर मोबाईलवर शूटिंग करा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो, कारण उन्हात रांगेत उभं राहून घेरी आलेल्या माणसाचे हातपायही दोन-चार झटके देतात आणि त्यालाही फिटच्या गोळ्या सुरू होतात. मेंदूचा आलेख (ईईजी) नॉर्मल आला म्हणून फिटचा आजार नाही, असंही होत नाही. द्राक्षबागेत फवारणी करताना फिट आली असेल, घाम-लाळ सुटली असेल, तर औषधाची बाटली सोबत न्या, ती विषबाधा असू शकते.

गोळ्या मनाने बंद करणं हे फिट परत यायचं मोठं कारण आहे. नवरात्राचा उपवास असो की लग्न ठरलेलं असो, गोळी चुकवू नका. मुलगी व्हॅलप्रोएट हे फिटचं औषध घेत असेल तर गर्भाला धोका असतो. त्यामुळे दिवस जायच्या आधीच डॉक्टरांकडून औषध बदलून घ्या.

अर्धशिशीवाल्यांची चूक वेगळीच. मेडिकलमधून आणलेली गोळी रोजची होते आणि तीच डोकं दुखवायला लागते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी फुली मारा. महिन्यात दहा-पंधरा फुल्या होत असतील तर डॉक्टरांना ते पान दाखवा. पण डोकं मिनिटाभरात फुटेल इतकं दुखलं, आधी कधीच असं झालं नसेल, तर फुली मारत बसू नका. तेव्हा तातडीने सीटी लागतो.