लेक एअर या खाऱ्या तळ्याला पोरंबाळं घेऊन जाताय तर
साऊथ ऑस्ट्रेलियात मरी गावातून तळ्याजवळचं विल्यम क्रीक गाव साधारण 200 किमी, मधे पेट्रोल पंप नाही, त्यामुळे टाकी मरीलाच फुल करा आणि पाणी माणशी रोजचं 5-6 लिटर धरून वर दोन-तीन दिवसांचं जास्तीचं घ्या. खडीच्या रस्त्यावर टायरची हवा जरा कमी केली की मागे बसलेल्यांची हाडं खिळखिळी होत नाहीत, डांबरी लागला की परत भरायची हं. तळ्यातलं मीठ कितीही टणक दिसू दे, गाडी घालू नका, वरचा पापुद्रा फुटला की खाली नुसता रेंदा, शिवाय तिथे गाडी न्यायला बंदीच आहे. बाकी कुठे रुतलात तर चालत निघू नका, गाडीच्या सावलीत थांबा, विमानातून गाडी पटकन दिसते. आणि वाटेत बहुतेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, सॅटेलाईट फोन भाड्याने घ्याच.