जुनाट दुखण्यात घाई नडते: या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्याला फिजिओथेरपी करताना एकच तक्रार रोज कानावर पडते: ‘कालपर्यंत बरं होतं हो!’ कालच तर घोळ घातलेला असतो.

कोलबाडच्या एक काकू. कंबरदुखी जुनी. गणपतीच्या आधी एका सकाळी कंबर हलकी वाटली, तर बाईंनी माळा उतरवला, पितळी समया घासल्या, पडदे धुवून वाळत घातले. दुसऱ्या दिवशी बाथरूमला जाताना भिंत धरावी लागली. मग आठवडाभर अंथरूण आणि ‘तुमच्या व्यायामानेच वाढलं’ हा आहेर मला. तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यात हे चक्र फार दिसतं. बऱ्या दिवशी उधळायचं, मग पडून राहायचं. काकूंना मी तलावपाळीला चालायला लावलं ते घड्याळ लावून. वाईट दिवशीही जमेल एवढीच मिनिटं ठरवली. वेळ झाली की बाकावर बसायचं, दुखत नसलं तरी. बरा दिवस असला तरी कोटा तोच, वाढ आठवड्याने आणि तीही चिमूटभर. त्यांना हे अपमानास्पद वाटलं. बहुतेकांना वाटतंच.

दुसरी चूक म्हणजे एमआरआयचा रिपोर्ट पाठ करणं. ‘डिस्क बल्ज’ (मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगणं) वाचलं की माणूस खाली पडलेली किल्लीसुद्धा बायकोला उचलायला सांगतो. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय तपासले, तर निम्म्याहून अधिक जणांत बल्ज निघाला. भीतीने हालचाल कमी होते, अंग आखडतं, मज्जासंस्था आणखी हळवी होते. मी अशा पेशंटना पहिल्याच दिवशी किल्ली उचलायला लावते, आधी खुर्चीवरून, मग स्टुलावरून, मग जमिनीवरून.

कळ आल्यावरच दीर्घ श्वसन आठवू नका; सवय शांत दिवसांत लावायची असते.

‘चार दिवस मेडिटेशन केलं, फरक नाही,’ असंही पेशंट सांगतात. अमेरिकेतल्या जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेला माइंडफुलनेसचा, म्हणजे चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचा कार्यक्रम आज आठ आठवड्यांचा असतो, रोजच्या गृहपाठासकट.

मानसोपचाराचं नाव काढलं की रुसू नका. दुखणं खरंच असतं. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी) या मानसोपचारात त्याभोवतीचे विचार आणि सवयी बदलतात.

गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका. आणि लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद अचानक कमी झाली, तर श्वास मोजत बसायचं नाही. तडक इमर्जन्सी गाठायची, माझी अपॉइंटमेंट नाही.