सोलापूरच्या उन्हात तुळस जगवायची कशी, वापरायची कशी

जुळे सोलापुरात आमच्या गॅलरीत तुळस आहे, आणि खरं सांगते, आधीच्या दोन मीच मारल्या, उन्हानं नाही, भक्तीनं! अंघोळ झाली की प्रत्येकाचा एक तांब्या, घरात चार माणसं म्हणजे चार तांबे, त्यात कुंडीचं भोक बुजलेलं, मुळं कुजून गेली. म्हणून आधी भोक बघा मग पूजा. मातीत बोट खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी, नाहीतर पळीभर घालून नमस्कार. दिवा बुंध्याला चिकटवून ठेवू नका, पानं होरपळतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर गेला की दुपारी हिरवी नेट आणि पाणी सकाळी लवकर.

मंजिऱ्या दिसल्या की खुडायच्या. आज्जी रोज विचारायची, "मंजिऱ्या खुडल्या का गं?" मला वाटायचं देवासाठी, पण झाडानं बी धरलं की नवी पानं थांबतात आणि ते लवकर वठतं, हे नंतर कळलं. खुडल्यावर बोटं हुंगून बघा, लवंगेचा वास येतो कारण दोन्हीत युजेनॉल नावाचं वासाचं द्रव्य असतं. त्याच मंजिऱ्या विठ्ठलाला. आपल्याकडं सिद्धेश्वराला बेल आणि पंढरपूरला तुळशीचा हार, गल्लत नको. रविवारी, द्वादशीला आणि दिवेलागणीनंतर पानं तोडत नाहीत, तेव्हा आदल्या दिवशीच काढून ठेवा, तुळस शिळी मानत नाहीत.

आता काढा. दोन कप पाण्यात ठेचलेलं आलं, दोन मिरी टाकून एक कप होईपर्यंत उकळा, गॅस बंद करा आणि मग आठ-दहा पानं चुरडून टाका, वर झाकण ठेवा पाच मिनिटं. पानं पहिल्यापासून उकळली तर वासाचं तेल वाफेबरोबर जातं आणि नुसतं कडू पाणी उरतं, बरेच जण इथंच चुकतात. गूळ शेवटी. घसा धरला, सर्दी झाली तर बरं वाटतं एवढंच, ताप उतरत नसेल तर काढ्यावर बसू नका, डॉक्टर गाठा. रक्त पातळ व्हायच्या किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल तर रोजचा काढा विचारल्याशिवाय नको.

आणि फालुद्यातला सब्जा म्हणजे या तुळशीचं बी नव्हे हं, तो तिचा चुलतभाऊ.

पांढरा पिठ्या ढेकूण (कापसासारखी दिसणारी कीड) लागला तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, चार थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी फवारायचं, पण मग आठवडाभर त्या पानांचा काढा नको.

एवढं करूनही दोन-तीन वर्षांत झाड थकतंच. म्हणून एक मंजिरी मुद्दाम वाळू द्या, तळहातावर चोळा, बारीक बी नव्या कुंडीत भुरभुरवा, वर माती अगदी चिमूटभर. आठ-दहा दिवसांत कोंब दिसायला लागतात, पावसाळ्यात लावलं तर कार्तिकात तुळशीच्या लग्नाला नवरी तयार.