क्लायंटसमोर काम मांडताना धडधड होते? मग हे करून बघा

उद्यमबागेतल्या फाउंड्रीतलं कास्टिंग, म्हणजे धातूचा ओतीव भाग असो, टिळकवाडीतल्या बंगल्याचं इंटिरियर असो, नाहीतर शहापूर-वडगावच्या मागावरची साडी; काम चोख असतं, पण ते मांडायची वेळ आली की जीभ अडखळते. आपल्या बेळगावात त्यात भाषेची भर पडते. क्लायंट हुबळीचा असेल तर कन्नड, बंगळूरचा असेल तर इंग्रजी. मला तर वाटतं, आपली निम्मी भीती भाषेचीच असते. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

१. भेटीची वेळ ठरवायला फोन कराल तेव्हाच कुठल्या भाषेत बोलायचं ते विचारून घ्या. कन्नड मोडकंतोडकं येत असेल तर "ननगं कन्नड स्वल्प बर्तैति री" (मला कन्नड थोडंसंच येतं) असं मोकळेपणाने सांगा आणि पुढचं हिंदीत बोला. माणसं सांभाळून घेतात.

२. सगळं भाषण पाठ करू नका, एक वाक्य विसरलं की पुढचंही सुचत नाही. तीनच गोष्टी पक्क्या करा: क्लायंटची अडचण काय होती, आपण काय केलं, आज त्यांच्याकडून काय ठरवून हवं. घरात कुणाला तरी समोर बसवून हे मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात केलेली तयारी ऐनवेळी दगा देते.

३. बोलण्याआधी वस्तू हातात द्या. माझा सगळ्यात जास्त भरवसा यावरच आहे. पंपाच्या बॉडीचं कास्टिंग असेल तर नमुना आणि ड्रॉइंग टेबलावर ठेवा. क्लायंट तो उचलतो, कडेवरून बोट फिरवतो, ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवा अडकून पडलेलं भोक आहे का बघतो. तेवढ्यात सगळ्यांची नजर तुमच्यावरून हटते आणि तुमचा श्वास जागेवर येतो. मग मापांचा रिपोर्ट पुढे करा. एखादं माप टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या बाहेर गेलं असेल तर ते तुम्हीच आधी सांगा; त्यांनी शोधून काढलं की पुढचं सगळं बोलणं बचावाचं होतं. इंटिरियरवाल्यांनी लॅपटॉप उघडण्याआधी लॅमिनेटचे तुकडे द्यावेत, साडीवाल्यांनी पदर उलगडावा.

४. बाहेर थांबलेले असताना चार आकडे मोजत श्वास आत घ्या, सहा मोजत सोडा. छातीतली धडधड अॅड्रिनलिनमुळे होते. श्वास सावकाश सोडला की ती कमी होते. आणि आपल्याला वाटते तेवढी ती समोरच्याला दिसत नाही. सावित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रयोगातून दाखवलं, की ही गोष्ट आधी सांगितलेल्या वक्त्यांची भाषणं अधिक चांगली झाली.

५. शेवटी दरावर गाडी येणारच. यापेक्षा खाली जायचं नाही, असा आकडा घरूनच डायरीत लिहून न्या. त्याखालचा दर मागितला तर तिथेच मान डोलावू नका. "हिशेब बघून उद्या दुपारपर्यंत कळवतो" म्हणा, त्यांच्यादेखत ते लिहून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत फोन करा.