जोडीचा डान्स नेमका कुठला आणि गाणं कुठल्या जातीचं, ओळखायचं कसं

वसईला कुणाच्या रिसेप्शनला गेलात किंवा अंधेरीच्या एखाद्या हॉटेलात सोशल नाईट बघितलीत तर जोड्या नाचताना दिसतात आणि आपल्याकडे बरेच जण त्या सगळ्याला सरसकट साल्सा म्हणून मोकळे होतात. मला हे मनापासून खटकतं, कारण बहुतेक डान्सचा देश वेगळा, वाद्यं वेगळी, आणि नाव बरोबर कळलं तरच पुढे गाणी सापडतात आणि शिकायचं असेल तर कुठला क्लास शोधायचा तेही कळतं.

पहिलं म्हणजे हात बघू नका. गिरक्या, ड्रेस, कंबर हेच आधी डोळ्यात भरतं, पण गिरकी साल्सात असते, जाइव्हमध्ये असते, बचाटातही असते, त्यावरून काहीच ठरत नाही. एकाच माणसाचे पाय धरा आणि थोडा वेळ तेवढेच बघा, आणि त्यातही पाय कधी पडतो यापेक्षा कुठल्या मात्रेला थांबतो ते बघा.

साल्साला केरव्यासारख्या आठ मात्रा मोजा. एकला मुलाचा डावा पाय पुढे, दोनला वजन परत मागच्या पायावर, तीनला डावा पाय जवळ आणि चारला नवीन पाऊलच नाही, मग पाच-सहा-सात हेच उलट बाजूने आणि आठ पुन्हा रिकामी. काही जण एकच्या ऐवजी दोनवर दिशा बदलतात, ती न्यूयॉर्कची पद्धत, तिला ऑन टू म्हणतात, पण तोही साल्साच. बचाटात एक-दोन-तीन अशी बाजूला पावलं आणि चौथ्या मात्रेला पाय नुसता टेकतो, वजन टाकलं जात नाही, आणि त्याच क्षणी त्या बाजूची कंबर किंचित वर जाते. ही टेकवण्याची जागा एकदा डोळ्याला दिसली की मग लांबून, आवाज बंद असलेल्या रीलमध्येसुद्धा बचाटा ओळखू येतो.

आता कान लावा. साल्सात तुंबा म्हणजे हाताने वाजवायचे उंच ढोल, टिंबालीस म्हणजे काठ्यांनी वाजवायचे जोडढोल, काऊबेल ही धातूची घंटा, पियानोचा एकच तुकडा गोल गोल फिरत राहतो आणि वरून ट्रम्पेट-ट्रॉम्बोन. खाली क्लावे असतो, दोन लाकडी काठ्यांचे पाच ठोके, एका अर्ध्यात तीन आणि दुसऱ्यात दोन, कधी कधी तो प्रत्यक्ष वाजत नाही पण बाकी सगळे त्याला धरूनच वाजवतात. जुनी गाणी हवी असतील तर फानिया रेकॉर्ड्सपासून सुरुवात करा, जॉनी पाचेको आणि जेरी मसुची यांनी १९६४ मध्ये न्यूयॉर्कला काढलेली कंपनी, साल्सा हे नाव जगभर पोचलं त्यात तिचा मोठा वाटा आहे. बचाटा डॉमिनिकन रिपब्लिकचा, २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. त्यात गिटार पुढे असते, एकेक तार छेडत जाणारी, सोबत बोंगो आणि ग्विरा नावाची धातूची खरखर, आपल्या ऑर्केस्ट्रातला रेसो-रेसो ज्यांनी ऐकलाय त्यांना लगेच कळेल. म्हणजे ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन, जोरात असेल तर साल्साकडे झुका, गिटार पुढे असेल तर बचाटाकडे.

खरा गोंधळ साल्सा आणि चा-चा-चामध्ये होतो, कारण दोन्हींचं मूळ क्युबात आणि वाद्यं बरीचशी तीच. इथे लय बघायची. घड्याळ लावून १५ सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि चारने गुणा. चा-चा-चा साधारण १२० च्या आसपास, साल्सा बहुतेकदा १६० च्या पुढेच. आणि चा-चा-चात दोन सावकाश पावलांनंतर तीन झटपट पावलं येतात, ती दिसली की शंका संपली. हा प्रकार हवानाच्या एन्रिके होर्रीन या व्हायोलिनवादकाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवला.

वॉल्ट्झ सगळ्यात सोपा. ख्रिश्चन लग्नात नवरा-नवरीचा पहिला डान्स पुष्कळदा हाच असतो, तीन मात्रा, पहिली जड आणि पुढच्या दोन हलक्या. दादरा ऐकून तयार झालेल्या कानाला तो पटकन सापडतो, पण तीनची लय आली म्हणजे वॉल्ट्झच असं धरू नका, कारण टँगोचंही वॉल्ट्झच्या लयीतलं एक भावंड आहे. मग टँगो ओळखायचा कसा, तर मिठीवरून आणि चालण्यावरून. छाती जवळ, वर शांत, पाय जमिनीला चिकटून चालतात आणि मधेच एकमेकांच्या पायांत गुंततात. जुन्या टँगोच्या बँडमध्ये सहसा ड्रम नसतो, ठोका पियानो, डबल बास आणि बँडोनियन मिळून देतात. बँडोनियन म्हणजे मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी ओढायचं, भात्याचं आणि बटणांचं वाद्य.

जाइव्हला मागे एक झटका देऊन परत पुढे येणं आणि बाकी उसळतं पाऊल, गाणं रॉक अँड रोल किंवा स्विंगचं. किझोंबा अंगोलाचा, संथ, एकदम जवळून चालल्यासारखा, गाणी बरीचशी पोर्तुगीजमध्ये.

जुन्या हिंदी गाण्यांवर कान तयार करा असं मी आवर्जून सांगेन. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये वाजवणारे कितीतरी गोवेकर वादक हॉटेलांच्या डान्स बँडमधून आलेले होते, त्यामुळे सी. रामचंद्रांच्या काळापासून आपल्या गाण्यांत वॉल्ट्झ, स्विंग, रुंबा भरपूर सापडतं, आणि ओळखीच्या चालीवर मोजायला शिकणं फार सोपं जातं.

एक अडचण मात्र येणारच. आजकाल हिंदी गाण्यांचे बचाटा रिमिक्स निघतात, आणि उलट मूळ बचाटाच्या गाण्यावर कुणी भलतंच काही नाचतं, शिवाय रीलवर आवाज मागून चढवलेला असतो. पाय एक सांगतायत आणि गाणं दुसरं, असं झालं तर डान्सच्या नावासाठी पायांवर विश्वास ठेवा आणि गाण्याचं वेगळं बघा. शझाम हे गाणी ओळखणारं ॲप गाणं सांगेल, डान्स नाही सांगणार, आणि लाइव्ह बँड असेल तर बहुतेकदा तेही जमणार नाही, तेव्हा ब्रेकमध्ये सरळ बँडवाल्यांना विचारा, आवडीने सांगतात. नुसतं गाण्याचं नाव न विचारता हा ठेका कुठला असंही विचारा.

जाणकाराला व्हिडिओ पाठवायचा असेल तर नाचणाऱ्यांना आधी विचारून घ्या, पाय पूर्ण दिसतील इतकं मागे उभं राहा, गाण्याचा मूळ आवाज तसाच ठेवा आणि अर्धा मिनिट तरी न कापता शूट करा, सोबत कुठे चालू होतं आणि तुम्ही मोजलेले ठोके किती तेवढं लिहा.